दुसऱ्याच्या देशातली निवडणूक बघायला बाहेरच्यांनी जावं का? (घरात भांडण झालंय)

मंजिरी_सोलापूर

घरात जोरदार वाद झालाय म्हणून इथे विचारतेय. माझी भाची जर्मनीत असते, पासपोर्टही आता तिकडचाच आहे, आणि ती युरोपियन युनियनच्या टीममधून आफ्रिकेतल्या एका देशात निवडणूक बघायला चाललीये. नुसती बघायला. शॉर्ट टर्म ऑब्झर्व्हर म्हणतात त्यांना, दहा-बारा दिवसांचं काम, दोघादोघांची जोडी, सोबत तिथलाच ड्रायव्हर आणि दुभाषी, दिवसभर या बूथवरून त्या बूथवर जायचं आणि फॉर्म भरायचे. रविवारी व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तिने आणि आमचे अण्णा (वय ८१, १९७७ ला जनता पक्षाचा प्रचार सायकलवरून केलेला माणूस) एकदम म्हणाले, "तुला कोणी बोलावलंय का तिकडे?" ती हसली, अण्णा हसत नव्हते. म्हणाले उद्या तिकडचे चौघं येऊन आपल्या शाळेतल्या बूथवर वही घेऊन उभे राहिले तर चहा विचाराल का हाकलून द्याल? माझा नवरा म्हणाला चहा विचारू. मग ते दोघं जे सुरू झाले ते भाकऱ्या गार होईपर्यंत.

मला खरंच कळत नाहीये. एकीकडे वाटतं चोरी होणारच असेल तर बाहेरचा साक्षीदार असलेला बरा, गावातला माणूस घाबरून बोलत नाही. दुसरीकडे वाटतं चार दिवस जाऊन कोणाला काय दिसणार, आम्हाला इथे जन्म गेला तरी महापालिकेत काय चालतं ते कळत नाही. कोणी प्रत्यक्ष बघितलंय का असं काही? देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिला उगाच अडचण नको.

ठसकेबाज

अण्णांना दंडवत सांगा. ज्यांनी त्या देशांवर पन्नास-शंभर वर्षं राज्य केलं त्यांना तेव्हा मतपेटी सुचली नाही, आता जॅकेट घालून मार्क द्यायला येतात. आणि झडती कायम गरिबाच्याच घराची. अमेरिकेत जातं का कोणी वही घेऊन? भाचीला म्हणावं फोटो काढ, सफारी कर आणि सुखरूप घरी ये.

टेक्सासातला_पाहुणा

जातात की हो. ओएससीई म्हणून ५७ देशांची संघटना आहे, युरोप, मध्य आशिया आणि अमेरिका-कॅनडा मिळून, त्यांचे लोक २००२ पासून अमेरिकेच्या निवडणुका बघायला येतात. मी राहतो त्या टेक्सासात २०१२ साली गंमत झाली होती, तेव्हाचे अॅटर्नी जनरल ग्रेग अॅबट (आता गव्हर्नर आहेत) यांनी त्या संघटनेला पत्रच पाठवलं की आमच्या मतदान केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत आलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणजे अण्णा आणि टेक्सासचे रिपब्लिकन या बाबतीत एका पंगतीला, अण्णांना सांगा, जेवण गोड लागेल. काही राज्यं येऊ देतात, काही नाही, इथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा.

आणि "बोलावलंय का" याचं सरळ उत्तर हो. यजमान देशाने बोलावल्याशिवाय या टीम जातच नाहीत. मला उलट प्रश्न पडतो की ज्याला घोळ करायचाय तो सरकारवाला स्वतःच्या हाताने पत्र लिहून यांना का बोलावतो? मला वाटतं कारण असं की आता सगळेच बोलावतात, त्यामुळे न बोलावणं म्हणजे आपण होऊन कबुली दिल्यासारखं. मग बोलवायचं, चांगल्या हॉटेलात ठेवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं की फार काही दिसू नये.

नैरोबीकर

प्रत्यक्ष बघितलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

मी २०१४ पासून नऊ वर्षं नैरोबीत होतो, औषधांच्या धंद्यात. तिथल्या आपल्या लोकांचं निवडणुकीचं ठरलेलं असतं, तांदूळ डाळ गॅस भरून ठेवायचा आणि जमलं तर बायकापोरांना इंडियाला धाडायचं. कारण २००७. तेव्हा निकालावरून जे पेटलं त्यात हजाराच्या वर माणसं मेली आणि सहा लाखांच्या आसपास लोकांना घरदार सोडावं लागलं. त्यामुळे ऑगस्ट २०१७ ला सगळे श्वास रोखून होते, त्यात मतदानाच्या आठवडाभर आधी निवडणूक आयोगाची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळणारा ऑफिसर, ख्रिस म्सांडो, त्याचा खून झालेला सापडला. आमच्या गोडाउनमध्ये त्या दिवशी कोणी मोठ्याने बोललं नाही.

ऑब्झर्व्हर म्हणाल तर नुसता मेळा. युरोपियन युनियन, आफ्रिकन युनियनकडून दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी, कॉमनवेल्थकडून घानाचे माजी राष्ट्राध्यक्ष महामा, अमेरिकेतल्या कार्टर सेंटरकडून खुद्द तिथले माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी. ८ ऑगस्टला मतदान झालं आणि खरं सांगतो सुंदर झालं, लोक पहाटे अंधारात ब्लँकेट गुंडाळून लाईनीत. दोन दिवसांनी या पाहुण्यांच्या पत्रकार परिषदा झाल्या. सूर असा की मतदान व्यवस्थित झालं, तक्रार असेल त्याने रस्त्यावर न जाता कोर्टात जावं. ११ तारखेला सत्तेवरचेच राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा ५४ टक्के मतं घेऊन जिंकल्याचं जाहीर झालं. विरोधातले रायला ओडिंगा कोर्टात गेले, आणि १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने, चार विरुद्ध दोन, आख्खी निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत विरोधकाच्या अर्जावर कोर्टाने राष्ट्राध्यक्षाची निवडणूक रद्द करायची ती पहिलीच वेळ. पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

आता नीट बघा चूक कुठे झाली. केनियात मोजणी बूथवरच होते, रात्री, कंदिलाच्या नाहीतर टॉर्चच्या उजेडात, मत उलगडून सगळ्यांना दाखवत. मग केंद्राधिकारी फॉर्म ३४ए भरतो, पक्षांचे एजंट सह्या करतात, एक प्रत दाराला चिकटवतात आणि फोटो काढून टॅबवरून पुढे पाठवतात. तिथून ३४बी मतदारसंघाचा, मग नैरोबीत बोमासला, म्हणजे देशाच्या बेरजेच्या केंद्रावर, ३४सी. २०१७ ला झालं काय की आयोगाच्या वेबसाईटवर आकडे धडाधड येत होते आणि त्यांच्यामागचे ३४ए येतच नव्हते. कोर्टाने अमुक इतकी मतं चोरली असं म्हटलं नाही, कोर्ट म्हणालं की निकाल पाठवायची पद्धत कायद्याप्रमाणे झाली नाही आणि आम्ही सर्व्हर बघायला मागितले ते आयोगाने धड दाखवले नाहीत. ४० हजारांवर बूथ, पाहुणे पोचले असतील काहीशे बूथवर, तेही मुख्यतः मतदान बघायला. चूल पेटलेली बघून गेले आणि सांगितलं स्वयंपाक छान झालाय.

अन्याय नको म्हणून हेही सांगतो, ते फॉर्म ताबडतोब टाका असं युरोपवाल्यांनीही मागितलं होतं. पण दोन दिवसांत स्टेटमेंट द्यायची यांना घाई असते कारण तेव्हाच टीव्हीवाले समोर असतात, आणि पान नंबर सातवरचं "मात्र" कोणी वाचत नाही.

ठसकेबाज

म्हणजे मी म्हणतो तेच. पाहुणे कशाला, कोर्ट पुरे.

नैरोबीकर

कोर्ट पुरे म्हणायला कोर्ट तेवढं खमकं लागतं. मलावीचं ऐका. २०१९ च्या मेमध्ये निवडणूक झाली, राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका ३८ टक्क्यांवर पुन्हा निवडून आले, आणि निकालपत्रकांवर चक्क व्हाइटनर लावून आकडे बदललेले. टिपेक्स म्हणतात तिकडे, लोकांनी नावच पाडलं टिपेक्स इलेक्शन. बाहेरचे ऑब्झर्व्हर याही वेळी आलेले, त्यांची भाषा मवाळच. लोक महिनोन्महिने रस्त्यावर होते. ३ फेब्रुवारी २०२० ला निकाल लागला तेव्हा मी टेंडरच्या कामाला तिकडेच अडकलो होतो, गिऱ्हाइकाच्या दुकानात शटर अर्धं खाली, रेडिओ चालू, दिवसभर न्यायाधीश निकाल वाचतायत आणि आम्ही ऐकतोय, मला भाषणाचा कंटाळा पण उठून जायची हिंमत नाही. ते न्यायाधीश बुलेटप्रूफ जॅकेट घालून लष्कराच्या बंदोबस्तात कोर्टात आले होते. निवडणूक रद्द. जूनमध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा कोरोना, सीमा बंद, बाहेरचे ऑब्झर्व्हर जवळजवळ नाहीतच. आणि ती निवडणूक विरोधातले लाझारस चकवेरा ५८ टक्के मतं घेऊन जिंकले, सत्तांतर झालं. पाहुणे होते तेव्हा घोटाळा आणि नव्हते तेव्हा सुरळीत, असा हिशोब काही मांडू नका, पण विचार करण्यासारखं आहे खरं.

गुरुजी_रजेवर

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सहा निवडणुकांना ड्युटी, त्यातल्या चारदा मतदान केंद्राध्यक्ष. परदेशातलं माहीत नाही पण "बाहेरचा ऑब्झर्व्हर" हा प्राणी मी आतून बघितलाय, कारण आपल्याकडेही असतो. विधानसभा-लोकसभेला दुसऱ्या राज्यातला आयएएस निरीक्षक म्हणून पाठवतात, खर्चाचा वेगळा, पोलीस निरीक्षक वेगळा. कल्पना तीच, की स्थानिक आमदाराचा ज्याच्या बदलीशी संबंध नाही असा माणूस हवा. आणि त्याला कोणी गोरा म्हणत नाही.

माझ्या केंद्रावर एकदा साहेब आले. दुपारचे दोन, पत्र्याची वर्गखोली, ऊन असं की मशीनवर हात ठेववत नव्हता. हिंदीत विचारलं मॉक पोल (मतदानाआधीची मशीनची चाचणी) का सर्टिफिकेट दिखाइये, एजंट कितने है, परसेंटेज कितना हुआ. पाणी विचारलं तर नको म्हणाले. चार मिनिटं, घड्याळात बघितलेली. गाडी गेली आणि माझ्या शिपायाने विचारलं सर हे नक्की काय बघून गेले?

पण हे अर्धंच झालं. साहेब येणार आहेत हे आम्हाला सकाळपासून माहीत होतं, कधी येणार ते नव्हतं. त्यामुळे पहाटे साडेपाचला मॉक पोल एजंटांसमोर पूर्ण पन्नास मतांचा झाला, नाहीतर आमच्यातले काही बहाद्दर (नाव घेत नाही, जेवण एका ताटात झालेलं आहे) दहा-पंधरा मतं दाबून पन्नास लिहायला कमी करत नाहीत. मॉकच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील केल्या, मशीन क्लिअर करून शून्य दाखवलं. ते चार मिनिटांचं काम त्या चार मिनिटांत झालं नाही, त्याच्या आधीच्या आठ तासांत झालं.

आता नैरोबीकरांचा ३४ए वाचून मी उडालोच, कारण आपला १७सी तोच की. मतदान संपलं की मशीनमध्ये एकूण किती मतं पडली ते नमुना १७सी मध्ये लिहायचं आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटला सहीशिक्क्याची प्रत द्यायची, पोच घ्यायची. मोजणीच्या दिवशी मशीनमधली मतं आणि हा कागद जुळला पाहिजे. (आपल्याकडे मोजणी बूथवर होत नाही, त्यामुळे यात कोणाला किती हे नसतं, फक्त एकूण.) पण तो कागद घ्यायला माणूस थांबायला हवा ना. एका वर्षी माझ्याकडे सकाळी पाच एजंट होते, साडेसहाला उरले दोन. एकाची एसटी होती, एकाला पार्टीकडून जेवण आलं नाही म्हणून रुसून गेला, तिसऱ्याचं माहीत नाही. मी त्या तिघांच्या प्रती हातात घेऊन व्हरांड्यात उभा, घ्या हो कोणीतरी. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकाचं स्टेटस, मशीन मॅनेज होतं. तुझा कागद माझ्या खिशात होता रे बाबा.

वाचनवेडा_नाशिक

गुरुजी, हे फार आवडलं. यावर अभ्यासही झालेत. आर्मेनियात २००३ च्या निवडणुकीत ऑब्झर्व्हर ज्या बूथवर गेले आणि ज्या बूथवर गेले नाहीत त्यांचे आकडे एका अमेरिकन संशोधक बाईंनी ताडून पाहिले, तर पहिल्या फेरीत जिथे गेले तिथे सत्ताधाऱ्याची मतं साधारण सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे नुसतं जाऊन उभं राहिल्याने फरक पडतो. पण घानात २००८ ला मतदार नोंदणीच्या वेळी बघितलं (तिथले स्थानिक ऑब्झर्व्हर होते) तर जिथे माणूस बसवला तिथली बोगस नोंदणी कमी झाली आणि त्यातली काही शेजारच्या केंद्रावर सरकली. ढेकूण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर.

आणि सगळे ऑब्झर्व्हर सारखे नसतात हेही. अझरबैजान, ऑक्टोबर २०१३. मतदानाच्या आदल्या दिवशी निवडणूक आयोगाच्या मोबाईल अॅपवर निकाल झळकला! सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष अलियेव ७२ टक्के. आदल्या दिवशी! अॅपवाले म्हणाले टेस्टिंगचा डेटा होता. नंतर खरा निकाल लागला तो ८४ टक्क्यांवर, म्हणजे लीक झालेल्यापेक्षाही भारी. ओएससीईच्या लोकांनी सांगितलं की आम्ही बघितलेल्या मोजणीपैकी ५८ टक्के ठिकाणी वाईट किंवा अतिशय वाईट. आणि त्याच निवडणुकीला युरोपातल्याच खासदारांचं दुसरं शिष्टमंडळ, त्यांनी जाहीर केलं मुक्त, निष्पक्ष आणि पारदर्शक. एकच लग्न, एक म्हणतो नवरी पळून गेली, दुसरा म्हणतो जिलबी मस्त होती. त्यामुळे मंजिरीताई, कोण जातंय आणि त्यांचं जेवणखाण कोणाच्या खर्चाने आहे ते आधी बघायचं.

ठसकेबाज

बरं मग सगळ्यांना एवढं पटतंय तर आपल्याकडे का नको? बोलवा की युरोपवाल्यांना महाराष्ट्रात. आता गप्प का सगळे?

टेक्सासातला_पाहुणा

मी गप्प नाही, झोपलो होतो, इकडे रात्र असते. माझं मत बोलवावं. लपवायचं काही नाही तर बिघडलं काय. २०२४ ला आपल्या आयोगाने २३ देशांतून ७५ पाहुणे बोलावले होतेच, पण ते व्हिजिटर. दुसऱ्या देशांच्या निवडणूक आयोगातले लोक वगैरे, आपली व्यवस्था दाखवायची. ते स्वतंत्रपणे महिनाभर राहून रिपोर्ट लिहून मार्क देत नाहीत. आणि आपण मात्र दुसरीकडे जातो बरं का, २०२२ ला नेपाळच्या निवडणुकीला आपले तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार ऑब्झर्व्हर म्हणून गेलेले.

गुरुजी_रजेवर

त्याच्या किती आधी गेलोय. आपली पहिली निवडणूक ज्यांनी घेतली ते सुकुमार सेन, त्यांना १९५३ साली सुदानला नेलं होतं, तिथली पहिली निवडणूक घ्यायला. तेव्हा सुदानवर इंग्रज आणि इजिप्त दोघांचा ताबा, दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून सात जणांचा आयोग केला, त्यात तीन सुदानी, एक इंग्रज, एक इजिप्शियन, एक अमेरिकन, आणि अध्यक्ष भारतीय. म्हणजे अण्णांना सांगा, बाहेरचा म्हणजे गोराच असं नाही, गोऱ्यांवर लक्ष ठेवायलाही बाहेरचा लागलेला आहे आणि तो आपला होता.

महाराष्ट्रात बोलवावं का याबद्दल माझं मत ठसकेबाजांना आवडणार नाही आणि पाहुण्यांनाही नाही. आले तर येऊ देत, मी चहा देईन, चार मिनिटांचा पाचवा मिनिट होईल. पण आपल्या गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीला सुद्धा निवडणूक निर्णय अधिकारी बाहेरून येतो, आणि तरी जिथे विरोधी पॅनेलचा एजंट साडेसहाला घरी जातो तिथे व्हायचं ते होतंच. बाहेरचा आला तर आतला नीट बसतो एवढाच त्याचा उपयोग. आतलाच उठून गेला तर बाहेरचा काय घंटा बघणार.

नैरोबीकर

गुरुजींच्या मुद्द्याला पुरवणी. २०२२ ला केनियाच्या आयोगाने शहाणपण केलं, ४६ हजारांवर बूथचे ३४ए स्कॅन करून सगळ्यांसाठी वेबसाईटवर टाकले. कोणीही उघडा आणि बेरीज करा. टीव्ही चॅनेलवाल्यांनी पोरं बसवली बेरजेला. आमच्या गोडाउनचा सुपरवायझर, त्याचा भाचा कॉलेजात, त्याने चार मित्र घेऊन आमच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये त्यांचा मतदारसंघ उतरवून काढला, दोन रात्री, आणि मामाने स्वतःच्या बूथच्या दारावरचा कागद फोनवर टिपून आणलेला, तो फॉर्मशी जुळवला. जुळला. मामा थोडा नाराजच झाला कारण त्याचा माणूस हरत होता.

भांडण तेव्हाही झालं हो. जिंकलेले विल्यम रुटो ५०.४९ टक्के, ओडिंगा ४८.८५, सातपैकी चार आयुक्तांनीच आम्हाला हा निकाल मान्य नाही म्हणून हात वर केले. पण सुप्रीम कोर्टात सातही न्यायाधीशांनी निकाल कायम केला आणि २००७ सारखं पेटलं नाही. पाहुणे तेव्हाही आले होते, जॅकेटं तीच, पण त्यांच्या पत्रकार परिषदेकडे कोणाचं लक्षच नव्हतं, सगळे बेरजेत.

भाचीला माझ्याकडून एकच सांगा. मतदान संपल्यावर हॉटेलवर जेवायला जाऊ नकोस. शेवटच्या बूथवर मोजणी संपेपर्यंत थांब, दारावर कागद चिकटतो का बघ आणि तो आकडा उतरवून घे.

मंजिरी_सोलापूर

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. अण्णांना चष्मा लावून सगळं वाचून दाखवलं, म्हणजे वाचलं मी, चष्मा त्यांनी लावला. सुकुमार सेन ऐकून जरा सरळ बसले. मग म्हणाले ७७ ला मी स्वतः एजंट होतो, पेटीला सील लागेपर्यंत हललो नाही, आई डबा घेऊन आलेली तिला बाहेरच थांबवलं होतं. हे आम्हाला आजपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.

भाचीला नैरोबीकरांचा निरोप पाठवला. ती म्हणाली ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलंय, मोजणी सोडून जायचं नाही आणि मधे बोलायचं नाही, चूक दिसली तरी फक्त लिहायचं. बोलायचं नाही हे ऐकून अण्णा परत चिडलेत. असो. पहाट ते मध्यरात्र म्हणे ड्युटी. गुरुजी, तुम्हाला सहा निवडणुकांचा अनुभव, तिने सोबत काय न्यावं?

गुरुजी_रजेवर

टॉर्च, जास्तीचे सेल, बिस्किटचे दोन पुडे, ओआरएस, पायात जुनी चप्पल. बाथरूमची सोय कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवायचं, विशेषतः बाईमाणसाने, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. आणि जमलं तर भत्ता किती मिळतो तेवढं विचारून कळवा, आमचा मागच्या वेळचा अजून आलेला नाही.